साडेतीन पावलांवरून ठेवलेलं नाव

माझ्या मुलीचं नाव तिच्या आत्यानं ठेवलं. मागच्या खोलीच्या दारात उभं राहून, तोंडावर मास्क लावून, पाळण्यापासून साडेतीन पावलांवरून, आणि इतक्या मोठ्या आवाजात की समोरच्या गिरणीवाल्यानं दळण थांबवून बाहेर डोकावून पाहिलं.

असं काही झालेलं नाही. तुमच्या कानावर आलं असेल तर विसरून जा. आमच्याकडे बारशाचा सव्वा तासाचा व्हिडिओ आहे, आणि त्यात नाव माझी चुलत बहीण राजनंदिनी ठेवते. पाठीमागे सनई वाजते, वरून गुलाबाच्या पाकळ्या पडतात. पाकळ्या रत्नपाल फोटोग्राफरनं नंतर कॉम्प्युटरवर पाडल्या, पण पडतात. वसमतमधले, परभणीतले आणि हिंगोलीतले सगळे नातेवाईक तो व्हिडिओ पाहून समाधानी आहेत. तेव्हा जे झालंच नाही, ते कसं झालं नाही, एवढंच सांगतो.

रेवतीताई माझी सख्खी बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. बसस्टँडासमोरच्या एका मेडिकलमध्ये ती सतरा वर्षं उभी आहे. ‘कामाला आहे’ असं म्हणायची पद्धत आहे, पण तिथं तिला स्टूल नाही, म्हणून उभी आहे. दुकानाचं लायसन्स तिच्या डी. फार्मसीवर चालतं. तिचं सर्टिफिकेट काउंटरमागं फ्रेम करून लावलेलं आहे, आणि शेजारीच लक्ष्मीचा फोटो असल्यामुळे त्यालाही रोज उदबत्तीचा धूर मिळतो. मालक शिवशंकर शेठ. त्यांचं मत असं की कायद्याला भिंतीवर सर्टिफिकेट लागतं, सर्टिफिकेटवालीनं तोंड उघडलंच पाहिजे असं कायद्यात कुठं लिहिलेलं न्हाई.

ताईचं तोंड मात्र बंद राहत नाही. त्याला कारण शेठची काम करायची पद्धत. मलमाच्या ट्यूब आल्या की शेठ आधी खोकी फाडून टाकतात. खोक्याशिवाय एका ड्रॉवरमध्ये साठच्या जागी दीडशे ट्यूब मावतात. खोक्यात जो बारीक अक्षरांचा घडीचा कागद असतो, तो वाया जाऊ नये म्हणून त्यात सुट्या गोळ्या बांधून देतात. त्यामुळे आमच्या गावात पित्ताची गोळी घेतली तर मलम कसं लावावं याची माहिती मिळते, आणि मलम घेतलं तर काहीच मिळत नाही. तो कागद मग ताई तोंडपाठ म्हणते.

ताप येऊन गेला, किंवा ऊन लागलं, जागरण झालं, की ओठाच्या कोपऱ्यात पाणीदार फोडांचा झुबका उठतो. आमच्याकडे त्याला ‘जर मुतला’ म्हणतात, जर म्हणजे ज्वर, ताप. जराला हे करताना कोणी पाहिलेलं नाही, पण नाव त्याचंच घेतात. असा ओठ घेऊन कोणी काउंटरवर आलं की ताई सुरू होते. लावायच्या आधी आणि नंतर हात साबणानं धुवा. बोटानं लावू नका, कापसाची काडी घ्या. चोळू नका, नुसतं टेकवा. ओठाच्या आत नको. डोळ्याच्या जवळ तर नकोच. ट्यूब दुसऱ्याला देऊ नका, घरातल्याला पण नको. खपली पडून खाली साफ कातडी येईपर्यंत लेकरांचा मुका घेऊ नका. दहा दिवसांत गेलं नाही तर डॉक्टर. एवढं ऐकेपर्यंत गिऱ्हाइकाची बस लागते. शेठ हसून म्हणतात, “मॅडमचं मनावर घेऊ नका. त्यायला मुक्याची बी पावती लागते.”

मागच्या वर्षी पुसेगावचे किसनराव हळद घेऊन मार्केटला आले होते. ओठ सुजलेला. गावातल्या शेजाऱ्याकडे गजकर्णाची एक ट्यूब होती, ती लावल्यावर गार वाटलं, तसलीच पाहिजे म्हणाले. ताईनं सांगितलं, ते मलम आग शांत करतं आणि फोड वाढवतं, ते याच्यावर चालत नाही. दुसरं काढून दिलं आणि कागद म्हणायला लागली. ती ‘साबणानं’पर्यंत पोचली असेल, तेवढ्यात शेठनी तिच्या खांद्यावरून हात घातला आणि दोन्ही ट्यूब किसनरावांच्या पिशवीत टाकल्या. “दोन्ही लावून पाहा. जी लागू पडंल ती पडंल.”

तीन आठवड्यांनी किसनराव परत आले ते उजव्या डोळ्यावर टॉवेल दाबून. बोटानं ओठाला मलम लावलं, त्याच बोटानं डोळा चोळला, डोळा लाल झाला तेव्हा गजकर्णाची ट्यूब डोळ्यातही घातली. ताईनं त्यांना काउंटरवरूनच उभ्या पावली नांदेडला डोळ्याच्या डॉक्टरकडे पाठवलं. डोळा राहिला, बुबुळावर पांढरा डाग पडला, आता त्या डोळ्यानं त्यांना उजेड दिसतो, माणूस दिसत नाही. त्या दिवशी शेठ खूप चिडले. ताईवर. गिऱ्हाईक दुकानात मोठ्यानं बोललं म्हणून.

घरी येऊन ताईनं ताट पुढं ओढलं आणि न जेवता म्हणाली, “मी आठ ओळी बोलते, श्रेयस. आठ. त्याचा डोळा दुसऱ्या ओळीवर गेला.”

मी काहीतरी विनोद केला. आमच्या घरात माझं काम तेच आहे.

ताईला मूल नाही. लग्न झालं होतं, चार वर्षांनी ती परत आली. कारण विचारायचं नाही असं आमच्याकडे ठरलेलं आहे, आणि विचारत नाही असा एकही नातेवाईक नाही. केतकीला, म्हणजे माझ्या बायकोला, सातवा महिना लागला तेव्हा ताईनं मलमाच्याच एका कागदाच्या मागच्या बाजूला नाव लिहून आणलं. ऋजुता. ऋजुता म्हणजे सरळपणा. आई म्हणाली, जिभेला गाठ बसंल, सोपं काही सुचव. ताई म्हणाली, आत्या मी आहे. बारशाला बाळाच्या कानाशी तोंड नेऊन ‘कुर्रर्र’ करायचं, नाव सांगायचं, मग बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, हा आत्याचा मान. दुसऱ्या कोणाला तो नाही. ताईला आयुष्यात मान असा हा एकच मिळण्यासारखा होता, आणि त्यासाठी ती चाळिशीपर्यंत थांबली होती. मी तिला मानाची साडी आणली, मोरपंखी. तिनं ती दोन महिने रोज कपाटातून काढून पाहिली.

केतकीला माहेरी करणारं कोणी नाही, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच. दवाखाना नांदेडचा. ताई आठ दिवस सकाळी दुकान, दुपारी उन्हातून बस, संध्याकाळी परत, अशी फिरली. नवव्या दिवशी तिला ताप आला. अकराव्या दिवशी सकाळी ओठाच्या डाव्या कोपऱ्यात झुबका.

बारसं बाराव्या दिवशी.

ताईनं आरसा पाहिला आणि पाच मिनिटांत मागच्या खोलीत आपलं बिऱ्हाड हलवलं. वेगळा पेला, वेगळा टॉवेल, मास्क, कापसाच्या काड्या, आणि ट्यूबवर चिकटपट्टी लावून त्यावर ‘रेवती’. मग दारातूनच आईला सांगितलं की ती पाळण्याजवळ येणार नाही, बारसं पंधरा दिवस पुढं ढकला.

आई म्हणाली, “काहून? जर सगळ्यायलाच मुततो. तुझ्या बारशाला मला स्वतःला होता. मेलीस का तू?”

“नाही मेले. नशीब.”

“मग हिचं बी नशीबच हाय. दोनशे माणसायला बोलावणं गेलं, आचारी सांगितला. मलम लावलंस ना?”

“मलमानं माझा ओठ लवकर वाळतो. दुसऱ्याला लागायचं थांबत नाही.” ताई हळू बोलत होती. ती हळू बोलते तेव्हा समजावं की ती फार रागात आहे. “मोठ्या माणसाला ते ओठावर राहतं, आई. बारा दिवसांच्या लेकराला मेंदूपर्यंत जातं. ते लेकरू रडत पण नाही. नुसतं दूध सोडतं, मान टाकतं. आणि मग तुम्ही म्हणाल, कालपर्यंत तर चांगलं होतं.”

आई स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीला सांगितलं, पण मागच्या खोलीत ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं, की जिला स्वतःला नसतं तिला दुसऱ्याच्या लेकराचं असंच काहीबाही सुचत राहतं.

बारसं ढकललं नाही. आत्या बदलली. हिंगोलीहून राजनंदिनीला बोलावलं. चुलत आत्या चालते, असं आईनं फोनवर तीन जणींना विचारून ठरवलं. मोरपंखी साडी आईनं तिच्यासाठी मागितली आणि मी कपाटातून काढून दिली. यात विनोद करण्यासारखं काही सापडलं नाही. मी शोधलं होतं.

राजनंदिनी सकाळी आठच्या बसनं आली. पोरगी वाईट नाही. हिंगोलीत पार्लर चालवते, आणि तिच्या ओठांवर सकाळी आठलाही गडद मरून लिपस्टिक होती. आल्या आल्या हातपाय धुवायला म्हणून मोरीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

अकराच्या सुमाराला घर भरलं. आमच्याकडे पाळण्यात बाळ घालायच्या आधी वरवंट्याला झबलं-टोपडं घालतात. पाळण्याच्या वरून एकीनं बाळ द्यायचं, खालून दुसरीनं वरवंटा द्यायचा, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. आमचा वरवंटा काळ्या दगडाचा, आईच्या आजेसासूच्या काळातला, आणि त्या दिवशी त्याला बाळाच्या टोपड्यापेक्षा चांगलं टोपडं होतं, कारण बाळाचं टोपडं दुधानं भिजलं होतं. रत्नपाल स्टुलावर चढून सगळं टिपत होता. मी पाळण्याची दोरी धरून, त्यानं सांगितलं त्या दिशेला पाहून, बापासारखा हसत होतो.

त्याच वेळी ताई मलम लावायला मोरीत गेली. आधी-नंतर हात धुवायचे, म्हणून ट्यूब ती तिथल्याच फळीवर ठेवायची. ताई ट्यूब शेपटाकडून दाबते आणि गुंडाळत आणते, सतरा वर्षांची सवय. आता ट्यूबच्या मधोमध दाबल्याचा खड्डा होता. टोपण अर्धवट लावलेलं, आणि टोपणाच्या आतल्या कडेला मरून रंग.

ती दारात आली तेव्हा राजनंदिनी पाळण्यावर वाकलेली होती. आत्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिनं बाळाच्या कानाभोवती दोन्ही हातांचा आडोसा केला होता, आणि तिचं तोंड त्या आडोशाच्या तोंडाशी होतं. दार आणि पाळणा यांच्यामध्ये बायका मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. ताईनं एक पाऊल पुढं टाकलं आणि मागं घेतलं. तिचा स्वतःचा ओठ होता ना.

“राजू, थांब. आधी लिपस्टिक पूस.”

सगळ्या माना वळल्या. राजनंदिनीनं मान वर केली, पण पुसली नाही. म्हणाली, “ताई, माझा ओठ नुसता उललाय, कोरडा पडून. त्याला काय होतंय.”

“मग माझी ट्यूब काहून लावलीस?”

“रेवती,” आई म्हणाली, “आत जा.”

“आई, तिला पण तेच आहे.”

“आत जा म्हणते ना. राजूचा मान तिला बघवत न्हाई,” हे आईनं बाकीच्यांना सांगितलं, आणि राजनंदिनीला खांद्यावर हात ठेवून खाली वाकवलं. “तू घे गं नाव.”

मी दोरी धरून होतो. तुम्ही विचाराल, बाप काय करत होता. दोरी धरून होता.

राजनंदिनीचं तोंड पुन्हा त्या आडोशाकडे गेलं, वीतभर राहिलं, आणि दारातून आवाज आला. मास्कमधून आला, तरी तसा आवाज मी ताईचा कधी ऐकला नव्हता.

“कुर्रर्र. ऋजुता.”

बाळ दचकलं आणि रडायला लागलं. नाव एकदाच ठेवतात. ठेवलं गेलं म्हणजे गेलं, कानात सांगण्यासारखं मग काही उरत नाही. राजनंदिनी अर्धी वाकलेली तशीच राहिली. समोरची गिरणी थांबली ती तेव्हा. केतकी पाटावरून उठली, बाळंतिणीनं असं पटकन उठायचं नसतं, तिनं राजनंदिनीच्या ओठाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, बाळाला उचललं, त्याच्या कानावर तळहात ठेवला आणि खोलीत जाऊन आतून कडी लावली.

पुढचा अर्धा तास बायकांनी नाव झालं की नाही यावर घालवला. एक म्हातारी म्हणाली, लेकराच्या कानात पडलं ना, मग पडलं. दुसरी म्हणाली, आत्याचा हात पाळण्याला न्हाई, मान न्हाई, हे कसलं नाव. तिसरीनं विचारलं, आता जेवायचं का. शेवटी प्रश्न रत्नपालनं सोडवला. त्याला पॅकेजमध्ये नामकरणाचा शॉट द्यावाच लागतो, आणि त्याला तीन वाजता औंढ्याला दुसरा कार्यक्रम होता. केतकी कडी काढेना. बाळ नाही.

वरवंटा होता. टोपडंही होतं.

तो पाळण्यात ठेवला, दुपटं गळ्यापर्यंत ओढलं. राजनंदिनीनं पुन्हा हातांचा आडोसा केला आणि वरवंट्याच्या कानात, म्हणजे जिथं कान आला असता तिथं, ‘ऋजुता’ असं सांगितलं. पाच जणींनी मोरपंखी साडीच्या पाठीत धपाटे घातले. आईनं डोळ्याला पदर लावला. रत्नपाल म्हणाला, पप्पा, झोका द्या. मी दिला. वरवंटा रडला नाही, त्याचं सगळ्यांनी कौतुक केलं.

हे सगळं चालू असताना ताई मागच्या खोलीच्या दारात तशीच उभी होती. तिच्या पाठीत कोणी काही घातलं नाही. ती वळून आत गेली आणि साबणानं हात धुतले. नळाचा आवाज बराच वेळ येत होता.

दुसऱ्या दिवशी राजनंदिनीच्या ओठावर चांगलाच झुबका उठला. रेवतीची नजर लागली, असं आईनं निदान केलं आणि मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या.

बाळ आता तीन महिन्यांचं आहे. दूध पितं, हसतं, माझं नाक ओढतं. त्याला काहीही झालं नाही. ताईविरुद्धचा मुख्य पुरावा हाच आहे. काही झालं नाही, म्हणजे काही होणारच नव्हतं, म्हणजे तिनं भरल्या बारशात तमाशा केला. जर बाळाला काही झालं असतं तर ताई बरोबर ठरली असती, आणि तेव्हाही आई म्हणाली असती की तिनंच तोंडानं अभद्र काढलं. मी हे दोन्ही बाजूंनी मांडून पाहिलं. ताई सुटते अशी बाजू नाही.

बारशानंतर आठ दिवसांनी तिनं बसस्टँडामागं खोली घेतली. भांडण झालं नाही. ती घरात आली की आई बाळाला उचलून दुसऱ्या खोलीत न्यायची, एवढंच. खोली छोटी आहे. तिथं स्टूल आहे. तिची खपली पडून कातडी साफ होऊन किती दिवस झाले ते मला माहीत आहे, कारण तिनं मला तारीख कळवली होती. तिला वाटलं होतं, मी बोलावीन.

परवा मी डायपर घ्यायला मेडिकलमध्ये गेलो. काउंटरवर किसनराव होते. त्यांच्या सुनेच्या ओठावर जर मुतला होता आणि घरात दोन महिन्यांचं लेकरू. शेठनी सवयीनं ट्यूब पिशवीकडे नेली. किसनरावांनी पिशवीचं तोंड हातानं बंद केलं.

“आधी कागद,” ते म्हणाले. “एका डोळ्यानं मला एवढं बारीक वाचता येत न्हाई आता. ताई, तू वाच. सगळा वाच.”

“गर्दी आहे, मामा,” शेठ म्हणाले.

“असू दे की. मी उभा हाव.”

ताईनं पुड्या बांधायच्या कागदांच्या टोपलीतून मलमाचा एक कागद शोधला, काउंटरवर हातानं सरळ केला आणि वाचायला लागली. तिला पाठ आहे, तरी एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होती. किसनराव प्रत्येक ओळीला ‘व्हय’ म्हणत होते. मागं सात माणसं उभी होती, एक बस लागली आणि सुटली, शेठ ड्रॉवर उघडत-बंद करत होते. मी रांगेत शेवटी होतो. लेकराचा मुका घेऊ नका, ही ओळ आली तेव्हा ताईनं मान वर केली, मला पाहिलं, आणि पुढची ओळ वाचली.

मी साखर कारखान्यात लिपिक आहे. मला दुसरं काही येत नाही, अर्ज येतो. म्हणून घरी येऊन तो केला.

प्रति, मा. जन्म-मृत्यू नोंदणी अधिकारी. विषय : जन्मदाखल्यात एक रकाना वाढवून मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज सादर करतो की, माझी मुलगी ऋजुता हिचे नाव तिची सख्खी आत्या रेवती हिने ठेवले असून, सदर बाब कोठेही नोंदलेली नाही. सध्या उपलब्ध असलेल्या व्हिडिओनुसार ते नाव एका वरवंट्याचे आहे. तरी दाखल्यात ‘नाव ठेवणाऱ्या आत्याचे नाव’ व त्यापुढे ‘किती अंतरावरून’ असा रकाना वाढवून, त्यात ‘साडेतीन पावले’ अशी नोंद घ्यावी. तसेच सदर आत्याच्या पाठीत प्रथेप्रमाणे पाच धपाटे घातले जाणे अद्याप बाकी असल्याने, त्याकामी आपल्या कार्यालयामार्फत पाच महिला कर्मचारी एक दिवसासाठी नेमण्यात याव्यात. त्या सर्वांनी येण्यापूर्वी हात साबणाने धुतलेले असावेत, ही नम्र विनंती. सोबत : मलमाचे माहितीपत्रक, एक प्रत, घडी पडलेली. आपला विश्वासू, श्रेयस. मुलीचा बाप, दोरी ओढणारा.